पाणी कुठलं?

लोक दुकानात शिरतात आणि आधी किंमत विचारतात.
मी विचारते, पाणी कुठलं?
काठी पाण्यावरून ठरते, पाकिटावरून नाही,
असं माझे वडील म्हणायचे,
अर्थात उधारी मागणाऱ्याला नाही.

टोलेडो बेंडचं पाणी म्हणजे बुडालेलं रान.
धरण भरलं, झाडं तशीच राहिली,
अजून उभी आहेत खाली, सालं सोलून निघालेली.
बास मासा त्यांच्या बुंध्यांत राहतो
भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखा,
हाक मारली की आणखी आत.
तिथे लवचीक काठी नेलीत
तर तो बुंध्याला एक वेढा घालून मोकळा होतो
आणि तुम्ही झाडाशी झुंजत बसता.

बुधवारी आल्सीड प्रोसेल आला.
एकतीस वर्षं आरागिरणीत, आणि दहाच्या दहा बोटं शाबूत,
याचा त्याला भारी तोरा होता.
फेब्रुवारीत झटका आला.
आता उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी
सांभाळायला दिल्यासारखा छातीशी धरलेला.
बायकोने दार उघडून धरलं, आत मात्र आली नाही.

जुना बेटकास्टर त्याने काउंटरवर ठेवला.
असल्या रिळाला अंगठ्याचा लगाम लागतो.
अंगठा चुकला की रीळ उधळतं,
दोऱ्याचं घरटं होतं, आणि सकाळ ते सोडवण्यात जाते.
"घरटी पुष्कळ झाली," तो म्हणाला. "अंडी एकात नाहीत."

मी चार काठ्या काढल्या.
पहिलीचा शेंडा त्याने छताला टेकवून दाबला, नको म्हणाला.
दुसरी हलकी. तिसरीचा रंग
त्याच्या मेव्हण्याच्या गाडीसारखा, म्हणून नको.
चौथी सात फुटी, मधल्या ताकदीहून थोडी कडक,
खालची मूठ लांब.
ती त्याने काखेत दाबून पाहिली.
बसली. बोलला काही नाही.

स्पिनिंग रिळाची दांडी कुठल्याही बाजूला लागते.
मी हात पुढे केला, त्याने नजरेनेच थांबवलं.
रीळ गुडघ्यांत धरून
डाव्या हाताने टोपण फिरवलं, दांडी ओढली,
पलीकडून घातली, पुन्हा आवळली.
तेवढ्या वेळात मी गळांची पाकिटं मोजली.
दोनदा. बेरीज वेगवेगळी आली.

मग तंगूस.
साधा नायलॉन ताणतो, चुका पोटात घालतो.
फ्लुरोकार्बन बुडतो, माशाला दिसत नाही.
वेणीचा दोरा तसूभर ताणत नाही,
खाली काही हुंगलं तरी मनगटाला खबर.
"कुठल्या मनगटाला?" त्याने विचारलं.

मी काही डॉक्टर नाही.
तीस पौंडी वेणी ओवली, टोक घेऊन
गाड्या लावतात तिथवर उलटी चालत गेले.
तो दारात. काठी उजव्या काखेत,
उजवी बोटं डाव्या हाताने मुठीभोवती मिटवलेली,
डोळे मिटलेले.
मी हलकं ओढलं.
"आता?"
"नाही."
जरा जोरात. "आता?"
"नाही."
बायको गाडीत बसून समोरच्या काचेकडे पाहत होती.

मग मी काही करण्याआधीच तो म्हणाला, "आता."
रस्त्यावरून ओंडक्यांचा ट्रक जात होता,
पायाखालची खडी थरथरत होती,
आणि दोरा माझ्या हातात ढिला होता.

"हो," मी म्हणाले.

रिकाम्या चकतीवर वेणी घसरते,
म्हणून खाली थोडा नायलॉन गुंडाळला,
वर दीडशे यार्ड. नायलॉनचे पैसे लावले नाहीत.
बिल वाचून त्याने ते माझ्याकडून लिहून घेतले.

जुना बेटकास्टर अजून माझ्या फळीवर आहे.
परवा एका पोराने किंमत विचारली.
मी विचारलं, पाणी कुठलं?